तिच्या नाकाचं माप

कारखाना म्हणावा एवढी ती जागा मोठी नाही. दुसऱ्या मजल्यावर ओळीने तीन खोल्या, खाली लोखंडी कपाटांचं गोदाम, आणि जिन्यात कायम ओल्या पुठ्ठ्याचा वास. अकरा माणसं तिथे नाक धुण्याचं यंत्र जोडतात. यंत्र एका हातात मावतं. वर पेलाभर पाण्याची पारदर्शक टाकी, खाली मुठीत धरायचा दांडा, दांड्यात बॅटरी आणि बोटाएवढा पंप, शेंड्याला मऊ रबरी चोच. टाकीत कोमट मिठाचं पाणी भरायचं, बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, चोच एका नाकपुडीला लावून बटण दाबायचं. पाणी एकीकडून आत जातं, दुसरीकडून बाहेर येतं. जुनाट सर्दीवाले, धुळीत काम करणारे, घोरण्यावरून घरात बोलणी खाणारे, आणि डॉक्टरने सांगितलंय पण का सांगितलंय हे न कळलेले, असे सगळे ते विकत घेतात.

तिसऱ्या खोलीत खिडकीपाशी तपासणीचं बाक होतं. त्या बाकावर सात वर्षं डुलकीमावशी बसली.

हे नाव तिला पॅकिंगवालीने दिलं. ही पॅकिंगवाली सकाळी आल्यापासून संध्याकाळी जाईपर्यंत बोलत असते, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. नवीन माणूस कामावर आला की तिसऱ्या खोलीत डोकावून दबक्या आवाजात विचारायचा, "त्या बाई झोपल्यात का?" आणि रेडिओ सांगायची, "झोपल्यात. पण तुझ्यापेक्षा जास्त काम करतायत."

मावशीचे डोळे मिटलेले असायचे हे खरं. तिच्यासमोर, चेहऱ्याच्या उंचीवर, स्टीलच्या पट्टीला एक रबरी नाक बसवलेलं होतं. फिकट राखाडी रंगाचं, पुढे झुकलेलं, खाली पाणी पडायला ट्रे. जोडून आलेलं यंत्र ती त्या नाकाच्या उजव्या पुडीला लावायची, बटण दाबायची आणि ऐकायची. डाव्या पुडीतून धार यायला हवी, तीही भरून, न तुटता. धार बारीक आली तर दांड्याचं झाकण उघडून आतला दाबाचा स्क्रू ती थोडा आवळायची. जोरात आली तर सैल करायची. मग झाकण बंद, शिक्का, डावीकडच्या क्रेटमध्ये. एका यंत्राला दीड मिनिट. डोळे उघडे असले की माणूस धारेकडे बघतो, आणि धार फसवते, असं तिचं म्हणणं होतं. ऐकणं खरं.

मिटल्या डोळ्यांमागे काय चालायचं ते तिने एकदाच सांगितलं, तेही रेडिओने फार खोदून विचारलं म्हणून.

"पाणी एका घरात शिरतं," ती म्हणाली. "पुढचं दार उघडंच असतं. आत अंधार, पण भीतीचा नाही. दुपारी खिडक्या लावून घेतल्यावर असतो तसा. एक लांब बोळ आहे. भिंतीला हात लावत लावत पाणी पुढे जातं. मग एक वळण येतं. तिथे ते जरा थबकतं. आत कुणी आहे का, असं विचारल्यासारखं. उत्तर येत नाही, मग वळतं आणि मागच्या दाराने बाहेर पडतं. बाहेर उजेड."

"आणि मग?"

"मग दुसरं यंत्र."

"मावशी, तुला डॉक्टरला दाखवायला हवं," रेडिओ म्हणाली. पण त्यानंतर काही दिवस तीही टेप लावताना मधेच थांबून तिसऱ्या खोलीतल्या पाण्याचा आवाज ऐकायची. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतून ऊन ट्रेमध्ये उतरायचं आणि त्याची हलती जाळी छतावर पडायची. त्या वेळी खोलीत येणारा माणूस आपोआप चपला हातात घ्यायचा. का, ते कुणाला सांगता आलं नसतं.

ते रबरी नाक मावशीचंच होतं.

सात वर्षांपूर्वी मालकाने धंदा सुरू केला. त्याआधी तो बागेच्या कारंज्यांचे पंप विकायचा. यंत्र तपासायला एक नाक हवं होतं, बाहेरून नाही तर आतून खरं. त्याने ओळखीच्या दवाखान्यात मशिनीवर एका माणसाच्या डोक्याचे फोटो काढून घ्यायचं ठरवलं. मशिनीत बराच वेळ न हलता पडून राहावं लागतं. मालक स्वतः दोन मिनिटांत खाजवायला लागला. जोडणीवाला शिंकला. मावशी तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. ती पडली आणि खरोखरच झोपली. ते फोटो मालकाने बुटांच्या तळव्यांचे साचे करणाऱ्या एका कारागिराला दिले. त्याने जसं दिसलं तसं नाक ओतून दिलं, एका केसाचाही फरक न करता. दवाखान्याने फोटोंबरोबर एक पाकीटही दिलं होतं, तपासणीच्या अहवालाचं. ते कुणी उघडलं नाही. आजारी कुणीच नव्हतं, तर अहवाल वाचायचा कशाला? मालकाने ते मावशीला देऊन टाकलं. "ठेवा घरी. तुमचं आहे."

पाहुणा आला की मालक त्याला तिसऱ्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन यायचा. "दुसरीकडे मीटर असतं," तो हळू आवाजात सांगायचा. "आमच्याकडे मावशी आहे."

तक्रारी पहिल्या वर्षापासून यायच्या. फार नाही, पण एकाच तऱ्हेच्या. यंत्र वापरलं की कानात दडे बसतात. कान ठणकतो. मालक फोन ठेवून तिसऱ्या खोलीत यायचा आणि मावशी डोळे न उघडता सांगायची, "डोकं मागे टाकत असतील. नाहीतर मधेच गिळत असतील." तिला स्वतःला कधी काही झालं नव्हतं. घरी जाण्याआधी ती रोज बाकावरचं शेवटचं यंत्र धुऊन, चोच बदलून, आपल्या नाकाला लावायची. पाणी गुपचूप जायचं, गुपचूप यायचं. तेव्हा चूक लोकांचीच असणार. यंत्राबरोबरचा सूचनांचा कागद तीनदा नव्याने छापला गेला, दर वेळी 'डोकं पुढे वाकवा' ही अक्षरं आणखी मोठी. चौथ्या वेळी चित्रही घातलं. चित्रातला माणूस हरवलेलं बटण शोधत असल्यासारखा दिसत होता.

या गोष्टीचा निकाल लागला तो एका सुट्टीच्या दिवशी, मावशीच्या मोरीत.

तिचा नवरा बेकरीत भट्टीवर आहे. पहाटे जातो, दुपारी बारापर्यंत परततो. मैदा चाळायचं कामही त्याच्याकडेच, त्यामुळे नाक कायम चोंदलेलं. कारखान्यातलं अगदी पहिल्या खेपेचं, मन लावून तपासलेलं एक यंत्र मावशीने त्याला आणून दिलं होतं. मधूनमधून ती विचारायची आणि तो म्हणायचा, "एकदम मोकळं वाटतं." त्या दिवशी मोरीतलं फडताळ पुसताना तिने ते हातात घेतलं. टाकी उजेडाकडे धरली. मग तशीच बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली आणि नवऱ्याची वाट बघत राहिली.

तो आला, हातपाय धुतले, समोर बसला.

"अहो, हे कधीपासून वापरलं नाही?"

"काल तर..."

"मीठ कुठाय?"

"स्वयंपाकघरात. का?"

"टाकीच्या गळ्याशी कुठाय म्हणतेय मी. वापरलं की तिथे मिठाची पांढरी कड धरते. कितीही धुतलं तरी थोडी राहतेच. ही ठणठणीत कोरडी आहे. आत कोळी मेलाय."

त्याने टाकीत डोकावून पाहिलं. "चला, कुणी तरी वापरलं म्हणायचं."

"थट्टा पुरे. खरं सांगा."

त्याच्या भुवयांवर अजून मैदा होता.

"कान दुखतो गं," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात दुखला. म्हटलं, दिवसभर बसून हिने हे केलंय. वर नाक पण तुझंच. आता तुला काय सांगू, की तुझं नाक मला सोसत नाही?"

"सात वर्षं?"

"विचारायचीस तेव्हा फार खुशीत असायचीस."

"मग मैद्याचं काय करता?"

"ओंजळीत पाणी घेऊन ओढतो. तिथेच, बेकरीच्या नळावर."

तिने पाणी कोमट केलं, मीठ घातलं आणि त्याला बेसिनपाशी उभं केलं. डोकं किती वाकवलंय, तोंड उघडं आहे का, गिळतोय का, सगळं नीट बघितलं. कुठेच चूक नव्हती. बटण दाबलं आणि त्याने कान धरला. मग तिने चष्म्याचा बारका पेचकस आणून झाकण काढलं, स्क्रू जरासा सैल केला. परत. आणखी जरासा. असं करत अर्धा फेरा मागे आल्यावर तो म्हणाला, "हां." मग थोड्या वेळाने, "अरे, हे तर सुखाचं आहे." टाकी रिकामी झाली तरी तो बेसिनवर वाकून तसाच उभा राहिला. नाकातून थेंब पडत होते. लहानपणीची कसली तरी वाट आठवतेय, पण नीट दिसत नाही, असं काहीसं तो बोलला. मावशीने ते ऐकलं नाही.

तिने चोच बदलली, तेच यंत्र आपल्या नाकाला लावलं. पाणी वळणापर्यंत गेलं आणि थांबलं. डाव्या पुडीतून नुसता पाझर.

तेव्हा दोघांतलं एक नाक वेगळं होतं. पाकीट कपाटात घराच्या कागदांखाली होतं. ते तिने तेव्हा पहिल्यांदा फोडलं. वाचून शब्द कळले, अर्थ कळला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती चौकातल्या नाकाच्या डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीने कागद वाचला, छोट्या दिव्याने आत पाहिलं.

"नाकाच्या मधला पडदा डावीकडे वाकलाय. बऱ्याच जणांचा थोडा असतो, तुमचा जरा जास्तच. डावी बाजू अरुंद झालीय त्याने. लहानपणी पडला होतात का?"

"आठवत नाही."

"काही त्रास होतो?"

"मला नाही," मावशी म्हणाली.

तिथून कारखाना चालत अकरा मिनिटांवर. त्या दिवशी तिला पंचवीस लागली. हिशोब सरळ होता. अरुंद नाकातून भरून धार यायला पाणी जास्त जोराने ढकलावं लागतं. सात वर्षं तिने प्रत्येक यंत्र तसं ढकलायला शिकवलं होतं आणि वर शिक्का मारला होता. ज्यांच्या नाकात वळण नव्हतं, त्यांच्याकडे ते पाणी कानापर्यंत पोचत होतं. आणि एका मोठ्या रुग्णालयासाठी तपासलेली सहाशे यंत्रं खोक्यांत भरून जिन्याशी रचलेली होती. गाडी चार वाजता यायची होती.

बोलली नाही तर काहीच होणार नव्हतं. तक्रारी येतील, कागद पाचव्यांदा छापला जाईल. बोलली तर ते नाक पट्टीवरून निघणार, आणि त्याच्यासमोरचं बाकही. दुसऱ्या नाकाचं पाणी तिला ओळखीचं नव्हतं. दुसरीकडे कुठे डोळे मिटून बसायला मिळेल असं कामही तिच्या माहितीत नव्हतं.

सकाळभर ती बाकावर बसली. वीसेक यंत्रं हाताखालून गेली. डोळे मिटले की घर होतं, बोळ होता, दुपारचा अंधार होता. पण आता वळण आलं की तिला ते पडद्यासह दिसायचं, दिव्याच्या उजेडात. एकविसाव्या यंत्राला तिने बटण दाबलंच नाही. एप्रन सोडला, हात पुसले आणि पहिल्या खोलीत गेली.

"मालक, गाडी थांबवा."

मालक डबा उघडत होता. तिने सांगितलं ते सगळं त्याने चमचा हातात धरून ऐकलं.

"वाकडं? तुमचं? मावशी, तुमचं नाक सुईसारखं सरळ आहे."

"बाहेरून."

"सात वर्षं कुणाला कळलं नाही?"

"कळत होतं. फोन करून सांगत होते. मीच ऐकत नव्हते."

"हे बघा, सहाशे आहेत. तुम्हाला वाटतंय म्हणून मी..."

"मला वाटतंय म्हणून नको. तुम्ही स्वतः लावून बघा."

इथे एक गोष्ट उघडी पडली. मालकाने आपलं यंत्र आजवर स्वतःच्या नाकाला लावलेलंच नव्हतं. त्याला नाकात पाणी जाण्याची लहानपणापासून धास्ती. पण तोवर बाकीची सगळी माणसं दाराशी जमली होती, त्यामुळे मागे फिरणं अवघड झालं. एक खोकं फोडून यंत्र काढलं गेलं आणि सगळे तिसऱ्या खोलीत गेले. मालक ट्रेवर वाकला, तोंड उघडलं, डोळे घट्ट मिटले. बटण दाबलं आणि पुढच्या क्षणी तो एका पायावर उड्या मारत, कानावर तळवा आपटत खोलीभर फिरत होता.

"मालक," रेडिओ दारातून म्हणाली, "डोकं मागे टाकलंत वाटतं. कागद वाचा की."

हशा ओसरल्यावर मालक बाकावर, मावशीच्या जागेवर बसला. एक कान अजून बंद होता, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता.

"डॉक्टर काय म्हणाली? सरळ करता येतं का?"

"लहानसं ऑपरेशन असतं म्हणे."

"मग करून टाका. सगळा खर्च माझ्याकडे लागला. परत फोटो काढू, परत साचा करू. बाक तुमचंच राहील, नाक तुमचंच राहील."

मावशी हसली. ती कामावर हसल्याचं रेडिओलाही आठवत नव्हतं.

"बरोबर चाललेलं नाक यंत्रासाठी कापून घेऊ? वाकडं असेल, पण मला काही म्हणत नाही ते. आणि सरळ केलं तरी ते एकाच माणसाचं झालं. उद्या कुणाचं उजवीकडे वाकलेलं निघेल." ती थांबली. पुढचं वाक्य चालताना त्या पंचवीस मिनिटांतच तयार झालं होतं. "स्क्रू आत कशाला ठेवायचा? बाहेर चाक द्या. खाचा पाडा. इथून सगळ्यात कमीवर जाऊ द्या. ज्याने त्याने आपल्या नाकाला लावून घ्यावं."

मालक पंपांच्या धंद्यातला माणूस. चाकाचं त्याला लगेच पटलं. बाकीचं कळायला थोडा वेळ लागला.

"मग तुम्ही इथे काय आवळणार?"

"काही नाही."

ट्रेमधलं पाणी हळूहळू गळत होतं.

गाडी परत गेली. रुग्णालयाचा खरेदीवाला फोनवर बराच वेळ ओरडला आणि त्याने निम्मी मागणी रद्द केली. निम्मी दोन महिन्यांनी गेली, पाच खाचांच्या चाकासह. जुन्या तक्रारवाल्यांना मालकाने एकेकाला फोन केला. तीनजणांनी यंत्र केव्हाच फेकून दिलं होतं. एका आजोबांना त्याचा काहीही त्रास नव्हता आणि बदलून देतो म्हटल्यावर ते चिडले. त्यांचं नाक कुठल्या बाजूला वाकलंय हे विचारायचं राहून गेलं.

तिसऱ्या खोलीत आता मीटर आहे. टाकी गळते का आणि चाक पाचही खाचांवर फिरतं का, एवढंच बघायचं असतं. ते काम एक तरुण मुलगी करते, डोळे उघडे ठेवून, एका यंत्राला वीस सेकंद. रबरी नाक मालकाने मावशीला नेऊ दिलं असतं, पण तिने मागितलं नाही. ते साचेवाल्याकडे परत गेलं.

मावशी पॅकिंगला आहे. खोकं उघडायचं, यंत्र, चार्जर, दोन चोचा, सूचनांचा कागद, खोकं बंद. पहिले काही आठवडे हात चुकायचे. सवयीने डोळे मिटले की एका खोक्यात दोन चार्जर जायचे आणि शेजारून रेडिओचं कोपर लागायचं.

"कशी काय बसत होतीस गं तिथे एकटी?" रेडिओने एकदा विचारलं. "कंटाळा नाही यायचा?"

"तिथे पाणी बोलायचं, इथे तू बोलतेस," मावशी म्हणाली. "पाणी विचारून थांबायचं तरी."

नवीन यंत्र तिने घरी नेलं ते चाकाचं काम पक्कं झाल्यावर. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा बेकरीतून आला. तिने पाणी तयार ठेवलं होतं. तो बेसिनवर वाकला, चाक अंगठ्याने मागेपुढे फिरवलं, आणि तसाच वाकलेला असताना विचारलं, "अगं, कितीवर ठेवू?"

मावशी बाहेरच्या खोलीत, खिडकी लावून, आडवी झाली होती.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "नाक तुमचं आहे."

त्याने चाक दोनवर ठेवलं. मग तीनवर नेलं, कान धरला, परत दोनवर आणलं.